बोटभर हँगर आणि मुक्तिनाथची उतरण

मुक्तिनाथ म्हटलं की मराठी यात्रेकरूला 108 धारा आठवतात. माउंटन बाइकवाल्यांना आठवते ती तिथून लुप्रा गावाकडे उतरणारी पायवाट. मुक्तिनाथ साधारण 3,700 मीटरवर, खाली जोमसोम 2,700 च्या आसपास. मधला उतार धूळ, सुटे दगड आणि अरुंद वळणांचा. सायकल बिघडलीच, तर भरवशाचं दुकान पोखऱ्याला आणि मध्ये दिवसभराचा रस्ता.

त्यामुळे सुटे भाग घेताना कसोटी एकच लावावी: तिकडे जे मिळणार नाही ते आधी. ट्यूब, पंक्चरचं सामान, साध्या केबल काठमांडूतही मिळतील.

पहिला मान हँगरचा. मागचं डिरेलर फ्रेमला जोडणारा हा ॲल्युमिनियमचा बोटभर तुकडा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. दगडावर आपटल्यावर त्याने वाकावं आणि फ्रेम वाचावी म्हणून. पंचाईत अशी की त्याचे शेकडो आकार आहेत आणि एका सायकलचा दुसरीला सहसा बसत नाही. 2019 मध्ये स्रॅमने यूडीएच हा सामायिक आकार आणला, बऱ्याच कंपन्यांनी तो घेतलाही. पण जुन्या सायकलींचा गोंधळ आहे तसाच आहे. वजन नगण्य, तेव्हा दोन घ्यावेत.

ब्रेक पॅडची तीच कथा, मॉडेलनुसार आकार वेगळा. लांब उतारावर रेझिनचे पॅड भराभर झिजतात. धातुमिश्रित पॅड जास्त टिकतात, आवाज मात्र करतात. रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना असेल तर धातूचे लावू नयेत. नवे पॅड घरीच, सिंहगडाच्या घाटासारख्या उतारावर बसवून घ्यावेत: वेग घ्यायचा, ब्रेक हळूहळू दाबत आणायचा, चाक लॉक होण्याआधी सोडायचा, असं पंधरा-वीस वेळा. तेलाचीही गल्लत नको. शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट. अदलाबदल झाली की आतले रबरी सील खराब होतात. निघण्यापूर्वीच ब्लीड करून घेतलं की बाटली न्यायची कटकट वाचते. चेन गेजवर 0.5 टक्के ताण दाखवत असेल तर नवी घालावी, आणि 12 गिअरच्या चेनला 12 चीच क्विक लिंक न्यावी.

खरं तर सायकलची बरीच मोडतोड डोंगर दिसण्याआधी, विमानप्रवासातल्या सामानाच्या चढउतारात होते. सायकलच्या दुकानातून रिकामं खोकं मागून आणावं. पेडल काढताना डावीकडचे आटे उलटे असतात हे विसरलं की पाना आणि हात दोन्ही सोलवटतात. डिरेलर उघडून जुन्या फडक्यात गुंडाळावं आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधावं. रोटर काढून पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावेत. चाक काढल्यावर कॅलिपरमध्ये प्लास्टिकची पट्टी अडकवावी. ती नसताना कोणी लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि पहिली सकाळ ते मागे ढकलण्यात जाते. पट्टी हरवली असेल तर घडी घातलेला पुठ्ठाही चालतो.

इलेक्ट्रिक माउंटन बाइकचा बेत मात्र इथेच आटोपतो. प्रवासी विमानात 160 वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी सोबत नेता येत नाही आणि या सायकलींच्या बॅटऱ्या सहसा 400 च्या पुढच्या. हवा भरायच्या सीओटू सिलिंडरलाही विमान कंपनीची परवानगी लागते. हातपंप बरा.

महागडी सायकल असेल तर जाताना भारतीय कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यावं, म्हणजे परतताना ती नवी खरेदी समजून शुल्काचा वाद होत नाही.

जोमसोमला सायकल जोडली की टायरची हवा पुन्हा मोजावी. बाहेरचा दाब तिथे बराच कमी, त्यामुळे मुंबईत भरलेल्या हवेचा आकडा गेजवर जास्त दिसतो. थंडी त्यातला काही भाग पुन्हा खाली आणते. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारकडे दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो आणि नदीपात्रातली धूळ चेनवर बसते, म्हणून ओलं तेल टाळून ड्राय ल्यूब वापरावं आणि लुप्राची उतरण सकाळीच उरकावी.