सिमेंट नको, चुना हवा!

मंडळी, या स्मरणिकेच्या निमित्ताने आपण ज्या गावच्या शाळेच्या जुन्या दगडी इमारतीसाठी पैसे जमवतोय, तिच्या अंदाजपत्रकावर मागच्या सभेत बरीच चर्चा झाली. "सिमेंटने काम पंधरा दिवसांत होईल, मग चुन्याला चार महिने कशाला?" प्रश्न रास्तच आहे. मला त्याचं उत्तर माझ्या घराने शिकवलं, तेही पैसे घेऊन!

आमचं लंडनचं घर व्हिक्टोरियन, विटांचं. घेतल्यावर हौसेने सगळ्या दर्जा सिमेंटने भरून घेतल्या. भिंत अगदी नवी दिसायला लागली. तीन हिवाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटू लागले. दर्जा मात्र जशाच्या तशा!

झालं काय, तर जुन्या भिंतीत ओल शिरते आणि चुन्याच्या दर्जांतून वाळून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजली. मग पाणी विटेतून बाहेर पडू लागलं, थंडीत तिथेच गोठलं आणि वीट फुटली. सांधा नेहमी दगडविटेपेक्षा मऊ हवा. झिजायचं तर त्याने झिजावं, तो पुन्हा भरता येतो.

गावाकडे बर्फ नाही, आणि आपला काळा पाषाण काही विटेसारखा फुटत नाही. पण भिंतीच्या दोन तोंडांमधल्या भरावात पाणी अडकतं, आतून ओल येते, लोणा लागतो.

आता चुना म्हणजे काय? चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो रटरटून उकळतो (डोळे सांभाळा!) आणि विरतो. वाळूत कालवून भिंतीत भरला की हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. बारीक तडा गेला तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना तिथे साचून तडा बुजतो. सिमेंटला हे इतकं जमत नाही.

लोहगड-विसापूरला गेलेल्यांनी चुन्याची घाणी पाहिली असेल. गोल चरात बैल दगडी चाक फिरवायचे. चुना, वाळू नि सुरखी म्हणजे विटांची भुकटी त्यात मळली जायची. कुठे गुळाचं पाणी, बेलफळ, हिरडाही घालत. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो. गंमत म्हणजे १७५६ मध्ये एडिस्टोनच्या दीपगृहासाठी जॉन स्मीटन याच प्रश्नाच्या मागे होता. त्याने मातीचा अंश असलेल्या दगडाचा वेल्स मधला चुना निवडला आणि त्यात इटलीतली ज्वालामुखीची राख मिसळली. त्या दीपगृहाचा वरचा भाग आज प्लिमथला उभा आहे, सुट्टीत जरूर बघून या.

आपल्या शाळेत आधी सिमेंटच्या दर्जा हाताने, छिन्नीने काढाव्या लागतील. मशीन लावलं तर दगडाच्या कडा तुटतात. मग सांधा ओला करून चुना थराथराने दाबायचा आणि ओलं गोणपाट टांगून उन्हापासून जपायचा. घाई केली तर चुना भुकटी होऊन गळतो. अंदाजपत्रकात मजुरीचा आकडा मोठा आहे तो यासाठी. काम पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतरच सुरू करावं लागेल, म्हणून पैसे त्याआधी पोचले तर बरं.