शंक्वाकार डोळ्यास स्क्लेरल भिंग

न्हावा शेवा बंदरातल्या खाऱ्या, धुळकट वाऱ्याने चुरचुरणारे डोळे चोळण्याची सवय केराटोकोनसच्या रुग्णाने कटाक्षाने सोडावी, असे मी कळकळीने सांगतो. कारण मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे, बुबुळावरचे पारदर्शक स्वच्छमंडल या विकारात शंक्वाकार होतेच, आणि चोळण्यामुळे ते अधिकच तसे होण्याचा धोका असतो, आणि मग दिव्यांना शेपट्या फुटतात, चष्माही पुरेसा पडत नाही. अशा वेळी स्क्लेरल भिंगाची तजवीज उपकारक ठरते: ते स्वच्छमंडलास स्पर्श न करता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, व मधले सलाइन पृष्ठभागाचा ओबडधोबडपणा भरून काढते. 1888 सालची अॅडॉल्फ फिक यांची काचेची भिंगे याच जातीची. परंतु काचेतून प्राणवायू जात नसल्यामुळे ती फार वेळ सोसवत नसत. हल्लीचे भिंग सलाइनने काठोकाठ भरून, मान खाली घालून लावावे. आत बुडबुडा राहिला, तर ते काढून पुन्हा लावणे भाग असते.