पणजीचे गोंदण कुठे गेले?
(फोटोशॉपच्या नव्या सोयींची ओळख)



आपल्या वर्गाच्या 'आजी-आजोबा' अंकासाठी प्रत्येकाने घरातील एक जुना फोटो आणावा, असे आम्ही सांगितले होते. त्याप्रमाणे बरेच फोटो आले. कोणाचा पिवळा पडलेला, कोणाचा घडी पडून मधोमध चिरलेला, कोणाच्या फोटोवर चहाचा डाग! तिसऱ्या गटातील एका मुलीने आपल्या पणजीचा फोटो आणला. काळापांढरा फोटो, खालचा उजवा कोपरा फाटलेला. पणजी नऊवारी लुगडे नेसून खुर्चीवर बसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.

अंकात छापण्याआधी फोटो नीट करावा म्हणून तिच्या बाबांनी तो फोनवरच्या एका प्रोग्रॅममध्ये घातला. अर्ध्या मिनिटात फोटो तयार! डाग गेले, चेहरा उजळला, लुगड्याला रंग आला, फाटलेला कोपराही भरून निघाला. सगळे खूश झाले. रविवारी सकाळी साताऱ्याच्या आजीला तो फोनवर दाखवला. आजीने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "अगं, बाई देखणी आहे. पण ही माझी आई नव्हे. तिच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं? आणि लुगड्याला या अशा पुढे निऱ्या कुठल्या?"

असे का झाले, ते समजून घेण्यासाठी हा लेख. फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये सर्वांत प्रसिद्ध प्रोग्रॅम म्हणजे अडोबी कंपनीचा फोटोशॉप. त्यात गेल्या काही वर्षांत कोणत्या नव्या सोयी आल्या, त्या जुन्या सोयींपेक्षा कशा निराळ्या आहेत आणि घरातील जुन्या फोटोंसाठी त्या कशा वापराव्यात, हे आता पाहू.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

दिवाळीत आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. कॉम्प्युटरला फोटो तसाच दिसतो. उभ्या-आडव्या ओळींत मांडलेले बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा एक रंग. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत लिहिले की ठिपक्याचा रंग ठरतो. तीन आकड्यांच्या या खेळातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग तयार होतात.

म्हणजे फोटो सुधारणे म्हणजे काय? तर हे आकडे बदलणे. कॉम्प्युटरला पणजी दिसत नाही, गोंदण दिसत नाही. त्याला दिसते ते एवढेच की, फिकट ठिपक्यांच्या मध्ये तीन ठिकाणी काळपट ठिपके आले आहेत. धुळीचा डागसुद्धा अगदी असाच दिसतो!

आधी कात्री, मग कॉम्प्युटर

फोटोत फेरफार करणे हे कॉम्प्युटरपासून सुरू झाले, असे मात्र समजू नका. आपल्या मुंबईतच विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने तेथील निरनिराळ्या समाजांच्या लोकांच्या फोटोंचे पुस्तक तयार केले. ते १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील अनेक चित्रांत माणसांचे फोटो निराळे आणि मागची दृश्ये निराळी आहेत. दोन्ही जोडून एक चित्र केलेले आहे! आपल्याकडच्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करून चेहऱ्यावरचे डाग लपवत, आणि काळ्यापांढऱ्या फोटोला ब्रशने हाताने रंग देत. आजीला विचारा, तिने असे फोटो नक्की पाहिले असतील.

फोटोशॉपचा जन्म मात्र इथे अमेरिकेत झाला. १९८७ साली मिशिगनमधील ॲन आर्बर येथे थॉमस नोल हा विद्यार्थी पीएच.डी. करत होता. त्याच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचा पडदा फक्त काळा किंवा पांढरा ठिपका दाखवू शके. त्यावर करड्या छटांचे फोटो दिसावेत म्हणून त्याने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन कॅलिफोर्नियात 'स्टार वॉर्स' सारख्या सिनेमांची करामती दृश्ये तयार करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत होता. त्याला हा प्रोग्रॅम फार आवडला. दोघांच्या वडिलांची घराच्या तळघरात फोटो धुण्याची डार्करूम होती, त्यामुळे मुलांना ते काम ठाऊक होते. फोटोशॉपमधील काही अवजारांची नावे आजही डार्करूममधलीच आहेत. पुढे अडोबीने हा प्रोग्रॅम घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये त्याची पहिली आवृत्ती बाजारात आली.

जुन्या सोयी : रफू

त्यानंतरच्या प्रत्येक आवृत्तीत काही ना काही भर पडत गेली. त्यातील चार महत्त्वाच्या पायऱ्या पाहू.

१९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत लेअर्स म्हणजे थर आले. एका चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर रंगवावे, तसे हे थर. वरचा कागद आवडला नाही तर काढून टाकावा, खालचे चित्र जसेच्या तसे राहते.

१९९८ साली पाचव्या आवृत्तीत हिस्टरी आली. आपण केलेल्या कामाची पायऱ्यांची यादीच समोर दिसू लागली. चुकले की चार-पाच पायऱ्या मागे जायचे.

२००२ साली सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला. डागाशेजारच्या चांगल्या भागाचा पोत उचलून तो डागावर बसवतो आणि रंग आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकतो.

२०१० साली सीएस-५ आवृत्तीत कंटेंट-अवेअर फिल आले. एखादी वस्तू काढून टाकली की तिची रिकामी जागा त्याच फोटोतील इतर भाग पाहून प्रोग्रॅम आपोआप भरतो. गवतातला चेंडू काढला तर तिथे बाजूचेच गवत येते.

यातील शेवटच्या दोन सोयी म्हणजे रफू. रफूगार काय करतो? त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढतो आणि भोकावर विणतो. धागा त्याच कापडाचा असतो. तसेच या सोयी जे काही भरतात, ते त्याच फोटोतून घेतलेले असते.

नव्या सोयी : दुकानातले कापड

आता नव्या सोयींकडे येऊ.

२०२० साली न्यूरल फिल्टर्स आले. त्यात काळ्यापांढऱ्या फोटोला आपोआप रंग देणारा फिल्टर आहे. २०२२ साली त्यात जुने फोटो दुरुस्त करणारा फिल्टर आला. त्याला ओरखडे कमी करण्याची एक सरकपट्टी आहे आणि चेहरा स्पष्ट करण्याची दुसरी. २०२३ साली जनरेटिव्ह फिल आले. फोटोतला एक भाग निवडून काय हवे ते शब्दांत लिहायचे, किंवा काहीच लिहायचे नाही. प्रोग्रॅम तिथे नवे चित्र काढून देतो. २०२४ साली फोटोतील विजेच्या तारा आणि मागून जाणारी माणसे स्वतःच शोधून पुसण्याची सोय आली. २०२५ साली हार्मोनाइझ आले. एका फोटोतील माणूस दुसऱ्या फोटोत ठेवला, तर त्याच्यावरचा उजेड आणि सावली मागच्या दृश्याशी ते जुळवून देते. जॉन्सनच्या काळी हे मिळाले असते तर त्याचे किती काम वाचले असते!

जनरेटिव्ह फिल आणि रफू यांत मोठा फरक आहे. नवा भाग भरताना हा प्रोग्रॅम फक्त आपल्याच फोटोतून धागा घेत नाही. त्याला आधी असंख्य इतर चित्रे दाखवून शिकवलेले असते. अशा जागी बहुधा काय असते, याचा तो अंदाज करतो आणि ते काढतो. ठिगळाला दुकानातून नवे कापड आणावे तसे हे आहे. कापड सुंदर असेल, रंगही जुळेल, पण ते त्या गोधडीतले नव्हे.

याचा सर्वांत सोपा पुरावा जनरेटिव्ह फिल स्वतःच देते. रिकामी जागा भरायला सांगितली की ते एक नाही, तीन निरनिराळी चित्रे पुढे करते आणि "यातले आवडेल ते निवडा" म्हणते. आता तुम्हीच सांगा, फाटलेल्या कोपऱ्यात खरी गोष्ट एकच होती ना? मग तीन उत्तरे कुठून आली? ती उत्तरे नव्हेत, ते अंदाज आहेत.

आता पणजीच्या फोटोचे कोडे सुटते. फोनवरचा तो प्रोग्रॅमही अशाच अंदाजाने काम करणारा होता. हनुवटीवरचे तीन काळे ठिपके त्याला डाग वाटले असणार, म्हणून त्याने पुसले. फाटलेल्या कोपऱ्यात लुगड्याचा खालचा भाग होता. नऊवारीचा काष्टा असलेल्या बायका त्याने थोड्या पाहिल्या असतील आणि पाचवारी नेसलेल्या पुष्कळ, म्हणून त्याने पुढे निऱ्या काढल्या. लुगड्याचा रंग तर कोणालाच विचारला नाही! आजीच्या सांगण्यानुसार ते हिरवे होते. प्रोग्रॅमने गुलाबी दिले.

मुलांनो, यात कोणी खोटेपणा केला नाही. पण आणखी पन्नास वर्षांनी साताऱ्याची आजी सांगायला नसेल. तेव्हा तुमच्या नातवंडांच्या हातात फक्त तो सुंदर फोटो असला, तर पणजीला गोंदण होते हे कोणालाच कळणार नाही. आपण इतक्या दूर राहतो. आपल्यापैकी अनेकांना पणजीची ओळख फक्त फोटोतूनच होते. म्हणून तो फोटो खरा असायला हवा.

घरी काय करावे?

१. मूळ फोटो आधी स्कॅन करा. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत स्कॅनर असतो. ४ इंच बाय ६ इंचांचा फोटो इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केला तर २,४०० गुणिले ३,६०० म्हणजे सुमारे ८६ लाख ठिपके मिळतात. छापायला ते भरपूर आहेत. ही फाइल कधीही बदलू नका. तिची प्रत काढून प्रतीवर काम करा.

२. काम करण्यापूर्वी आजी-आजोबांना फोन करा. फोटोत कोण आहे, कपड्याचा रंग कोणता, हा डाग की तीळ, हे त्यांना विचारा. आधी विचारलेले बरे, नंतर नाही.

३. धूळ, ओरखडे आणि घडीची रेघ यांना रफूच पुरते. त्यासाठी हीलिंग ब्रश वापरा, आणि तोही निराळ्या थरावर.

४. चेहऱ्याला अंदाजाची सोय लावू नका. दुरुस्तीच्या फिल्टरमध्ये चेहरा स्पष्ट करण्याची सरकपट्टी शून्यावर ठेवा. थोडा अस्पष्ट पण खरा चेहरा बरा.

५. मागची भिंत किंवा जमीन भरायला जनरेटिव्ह फिल जरूर वापरा. ते आपले काम वेगळ्या थरावर ठेवते, त्यामुळे नंतर तेवढेच काढून टाकता येते. मात्र एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. हीलिंग ब्रशचे काम आपल्याच कॉम्प्युटरवर होते, पण जनरेटिव्ह फिलसाठी चित्र इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जाते. म्हणून मुलांनी ते पालकांबरोबर बसूनच करावे.

६. सुधारलेल्या फोटोखाली लिहा : "कोपरा आणि रंग कॉम्प्युटरने भरले आहेत." छापलेल्या मूळ फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते.

आपल्या मुलीने काय केले? तिने बाबांबरोबर बसून मूळ स्कॅनवर पुन्हा काम केले. ओरखडे रफूने भरले, गोंदणाला हात लावला नाही आणि कोपरा फाटलेलाच ठेवला. रविवारी आजीला दाखवला. आजी म्हणाली, "हां, ही माझी आई." मग ते गोंदण पणजीने कोणत्या जत्रेत आणि कितव्या वर्षी काढून घेतले, ती सगळी हकिगत आजीने सांगितली. मुलीने ती स्वतःच्या अक्षरात लिहून आणली आहे. फोटोशेजारी आम्ही तीच छापणार आहोत.

शब्दार्थ

गोंदण – सुईने त्वचेवर कायमचे काढलेले ठिपके किंवा नक्षी.
रफू – फाटलेले कापड धाग्याने विणून सांधणे.
ठिगळ – भोकावर लावलेला कापडाचा तुकडा.
काष्टा – नऊवारी लुगड्याचा मागे खोचलेला भाग.
निऱ्या – साडीच्या पुढे घातलेल्या घड्या.

गृहपाठ

घरातील एक जुना फोटो घ्या. त्यात कॉम्प्युटरला डाग वाटेल, पण तुम्हाला डाग नाही हे ठाऊक आहे, अशी एक तरी गोष्ट शोधा. तीळ, कुंकू, जखमेचा व्रण, काहीही चालेल. आजी-आजोबांना तिची गोष्ट विचारा आणि पाच ओळी मराठीत लिहून पुढच्या शनिवारी घेऊन या.

– वर्गातील एक पालक