शाळेंतील सुई कोणीं टोंचावी?

मधुमेह हा उतारवयाचा रोग अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ज्या मधुमेहांत शरीर इन्सुलिन निर्माण करणें जवळजवळ थांबवितें, तो अनेकदां बालपणींच जडतो. अशा मुलाला बाहेरून इन्सुलिन द्यावेंच लागतें. तें जेवण घरीं असो कीं शाळेंत. घरीं सुई आई टोंचते. शाळेंत कोणीं टोंचावी?

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत हा प्रश्न न्यायासनापर्यंत गेला. काम परवानाधारक परिचारिकेचें, असें म्हणावें, तर परिचारिका होत्या कोठें? खटल्याच्या वेळीं शंभरांतील अवघ्या ५ शाळांत पूर्णवेळ परिचारिका होती. २६ शाळांत मुळींच नव्हती. कांहीं पालकांनीं २००५ सालीं दावा लावला. २००७ सालीं तडजोड झाली, आणि परिचारिका नसेल तेथें शिकवून तयार केलेल्या शाळेच्या नोकरानें इन्सुलिन द्यावें, असें शिक्षणखात्यानें कळविलें. तेव्हां परिचारिकांच्या संघटना न्यायालयांत गेल्या, व खालच्या दोन्ही न्यायालयांत जिंकल्या.

त्यांचा विरोध निव्वळ पोटासाठीं होता, असें म्हणणें अन्यायाचें होईल. इन्सुलिनची मात्रा रोज सारखी नसते. रक्तांत साखर किती आणि डब्यांत काय, यांवर ती ठरते. अधिक गेली कीं साखर झपाट्यानें उतरते. मूल घामाघूम होतें, थरथरतें, असंबद्ध बोलूं लागतें. वेळीं साखर न मिळाल्यास शुद्ध हरपते.

तरीही १२ ऑगस्ट २०१३ रोजीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तो निर्णय फिरविला. मात्रेचें गणित डॉक्टर लिहून देतो आणि पालक संमति देतात. ती आज्ञा पाळणारा शिक्षक किंवा कारकून परिचारिकेचा व्यवसाय करीत नाहीं. मात्र त्यानें स्वतःस परिचारिका म्हणवूं नये. जें काम घरोघरीं आईबाप, आणि कित्येकदां मूल स्वतःच, नित्य करितें, तें कायद्यानें इतरांना वर्ज्य केलेलें नाहीं.

निर्णय योग्यच वाटतो. परंतु न्यायालयानें परवानगी दिली. शिकविण्याचें काम शाळांकडेच राहिलें. सुई टोंचणें त्यांतील सोपा भाग. वर्गांत पेंगणारें मूल आळसानें पेंगत आहे कीं साखर उतरल्यामुळें, हें ओळखणें कठीण. शंका येतांच आधीं रक्त तपासावें, आणि तेवढा अवकाश नसेल तर आधीं साखर द्यावी, हें त्या कारकुनाच्या अंगवळणीं पडलें पाहिजे. शिवाय एकालाच शिकवून भागत नाहीं. तो रजेवर गेला, तरी मधल्या सुट्टींतील डबा चुकत नाहीं.