आपल्या वर्गाचा ब्लॉग

तुमच्या शाळेत हस्तलिखित निघतं का हो? ज्याचं अक्षर चांगलं तो लिहून काढतो, चित्रं काढणारे मुखपृष्ठ रंगवतात, सर नाहीतर बाई शुद्धलेखन तपासतात आणि २६ जानेवारीला पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होतं. टाळ्या! मग ते हस्तलिखित जातं कुठं? मुख्याध्यापकांच्या कपाटात. प्रत एकच, त्यामुळे ज्यांनी लिहिलं त्यांनाही ते पुन्हा दिसत नाही.

ब्लॉग म्हणजे असंच एक हस्तलिखित, फक्त कपाटात न जाणारं. भोकरदनच्या मुलीनं लिहिलेला लेख तिचा पुण्याचा मामा त्याच संध्याकाळी वाचू शकतो. शिवाय हस्तलिखित एकदा शिवलं की संपलं. ब्लॉगला नवं पान केव्हाही जोडता येतं, आणि नवं पान सगळ्यात वर येतं.

हा शब्द कसा आला ते ऐका. जहाजाचा कप्तान रोजच्या प्रवासाची नोंद ज्या वहीत ठेवतो तिला इंग्रजीत 'लॉग' म्हणतात. 'वेब' म्हणजे इंटरनेटचं जाळं. १९९७ मध्ये जॉर्न बार्जर या अमेरिकन गृहस्थांनी दोन्ही जोडून 'वेबलॉग' हा शब्द वापरला. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी गमतीनं त्याचे वेगळेच तुकडे पाडले, 'वी ब्लॉग'! म्हणजे 'आम्ही ब्लॉग करतो'. पुढचं 'वी' गळून पडलं, 'ब्लॉग' राहिला. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये गुगलनं ती घेतली. 'वर्डप्रेस'चा जन्मही २००३ चाच. दोन्हींवर फुकट ब्लॉग काढता येतो. आपल्याकडे २०१५ च्या आसपास जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी ब्लॉगरवर ब्लॉग काढले. मी पाहिले त्यांत शासन निर्णय, स्वाध्याय, परीक्षेचे कागद भरपूर होते. शिक्षकांची त्यानं मोठी सोय झाली. पण मुलांनी स्वतः लिहिलेलं फारसं नव्हतं. ते काम तुमचं.

म्हणून आधी मोबाइल बाजूला ठेवा आणि वहीत लिहा, की आपण सांगणार काय?

आमचंच गाव घ्या ना. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथं उत्खनन केलं. त्यात हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती मिळाली आहे थेट इटलीतल्या पॉम्पेईत, म्हणजे इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात! मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं त्यांची नावं तिथं दगडावर कोरली आहेत. त्यांत भोगवर्धनचे लोकही आहेत. नाव, गाव, दान, एवढाच मजकूर. पण दोन हजार वर्षं टिकलाय.

हे सारं विद्वानांनी लिहून ठेवलेलं आहे. तेच उतरवून काढण्यात काय मौज? एखाद्या पोस्टमध्ये ते जरूर सांगा. पण केळणा नदीला यंदा पहिलं पाणी कोणत्या तारखेला आलं, हे कोण लिहितं? सरकारी खातं पाऊस मोजतं. तुमच्या गल्लीतला हातपंप कधी आटला हे तुम्हालाच माहीत. मोसंबीचा आंबे बहार धरायचा म्हणजे बागेचं पाणी तोडून झाडांना ताण देतात. तो किती दिवस द्यायचा, हे आजोबा पानं बघून कसं ठरवतात? त्यांना विचारा आणि त्यांच्याच बोलीत लिहा. अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला पायी जाणारी माणसं वाटेत काय खातात, काय गप्पा मारतात? असं तारीख घालून दरवर्षी लिहीत गेलात, तर पाच वर्षांनी तुमच्याजवळ जे असेल ते दुसऱ्या कुणाजवळही नसेल.

दहा विषय वहीत जमले? मग चला ब्लॉग काढायला. मोबाइलवरही होतो, पण सजावटीसाठी शाळेतला संगणक बरा. खातं मात्र सरांचं किंवा आई-बाबांचं वापरायचं. आपल्या देशात स्वतःचं गुगल खातं सांभाळायला १३ वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि वर्गाचा ब्लॉग कुणा एकाचा नसतोच. ब्लॉगरच्या संकेतस्थळावर त्या खात्यानं आत गेलं की आधी ब्लॉगचं नाव विचारतात. ते खुशाल मराठीत द्या. नंतर पत्ता विचारतात, तो इंग्रजी अक्षरांत द्यावा लागतो आणि त्याच्या शेवटी 'ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' लागतं. हा पत्ता जरा विचार करून निवडा बरं का! नाव उद्या बदललं तरी चालतं, पण पत्ता बदलला की जुना पत्ता घेऊन आलेला पाहुणा बंद दारापाशी उभा. पत्ता लहान असावा, फोनवर सांगता यावा, आणि त्यात कुणाचं आडनाव किंवा जन्मसाल नसावं.

आता सगळ्यांना आवडणारा भाग, सजावट! 'थीम' या भागात तयार नमुने असतात. एक निवडला की सगळा ब्लॉग त्या कपड्यांत दिसतो. मजकुराला धक्का लागत नाही, त्यामुळे हवे तितके बदलून बघा. रंग आणि अक्षरांचा आकारही तिथंच बदलतो. 'लेआउट'मध्ये ब्लॉगचे चौकोन दिसतात: वर मथळा, मध्ये लेख, बाजूला किंवा खाली 'गॅजेट' नावाच्या छोट्या खिडक्या. शोधण्याची चौकट आणि जुन्या लेखांची यादी, या दोन खिडक्या पुष्कळ झाल्या. काही ब्लॉगवर धावत्या अक्षरांची पट्टी, घड्याळ, उडणारी फुलपाखरं आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असा सगळा जत्रेचा थाट असतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी येतं! पांढरी जमीन, काळी अक्षरं आणि मथळ्याला तुमच्याच वर्गातल्या कुणीतरी काढलेलं चित्र, यासारखी शोभा नाही.

लिहायला 'न्यू पोस्ट'वर टिचकी मारा. मराठी टाइप करताना ते युनिकोडमध्येच हवं. युनिकोडनं जगातल्या अक्षरांना क्रमांक दिलेत. आपल्या 'क'चा क्रमांक आहे २३२५. त्यामुळे 'क' कुठल्याही फोनवर 'क'च दिसतो. छपाईच्या दुकानातले जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवतात. तो मजकूर ब्लॉगवर डकवला की मुखवटे गळतात आणि भलतंच काहीतरी दिसतं. फोनवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडचाच असतो.

आणखी एक बारीकशी खुबी. मथळा मराठीत असला की ब्लॉगर त्या लेखाच्या पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' असं लिहून मोकळा होतो. दहा लेखांचे पत्ते एकसारखेच, फक्त पुढचे आकडे वेगळे! म्हणून प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या 'परमालिंक'मध्ये जाऊन इंग्रजी अक्षरांत 'केळणा-पूर' असं काहीतरी स्वतः भरा. 'लेबल'मध्ये नदी, शेती, सण असे शब्द टाकलेत की एका विषयाचे लेख एकत्र सापडतात. फोटो लहान करून चढवा. मोठा फोटो खेड्यातल्या नेटवर्कवर उघडता उघडत नाही. आणि फोटो स्वतः काढलेलाच हवा. इंटरनेटवर सापडला म्हणून तो आपला होत नाही, कवितेचंही तसंच.

पालकांनो, आता तुमच्याशी थोडं. आपल्या मुलाचं नाव छापून आलेलं बघायला कुणाला आवडत नाही? तरीही ब्लॉगवर पहिलं नाव आणि इयत्ता एवढंच पुरे. पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन नंबर, शाळा सुटायची वेळ, गणवेशातला चेहऱ्याचा फोटो, यांतलं काही नको. सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी स्वतः करा. आलेली प्रतिक्रिया मोठ्या माणसानं वाचल्याशिवाय दिसू नये, अशी सोय तिथं आहे, ती चालू ठेवा. आणि सुरुवातीचे काही महिने ब्लॉग फक्त निवडक वाचकांसाठी ठेवता येतो. आजी, मामा, वर्गातले पालक एवढेच वाचक असले तरी मुलं तितक्याच उत्साहानं लिहितात. मुलाचं शुद्धलेखन बघा, पण त्याचं वाक्य बदलून स्वतःचं घालू नका हं! 'आमची म्हैस रुसली' हे 'आमच्या म्हशीने दूध देणे बंद केले' यापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

शेवटी राहिलं सांभाळणं. 'जिओसिटीज' नावाची एक सेवा होती. जगभरच्या लोकांनी तिथं आपापली पानं मोठ्या हौसेनं सजवली होती. २००९ मध्ये याहू कंपनीनं जवळजवळ सगळीकडे ती बंद केली आणि ज्यांनी प्रत ठेवली नव्हती त्यांची पानं हातची गेली. फुकटच्या जागेचं असंच असतं, घरमालक कधी काय ठरवील नेम नाही. म्हणून दर तिमाहीला ब्लॉगच्या मजकुराची प्रत उतरवून शाळेच्या संगणकात ठेवा. त्या प्रतीत लेख येतात, फोटो येत नाहीत. ते वेगळे जपा. आणि वर्षअखेरीला निवडक लेख चांगल्या अक्षरात लिहून, शिवून, मुखपृष्ठ रंगवून त्याचं हस्तलिखित करा. ते मात्र मुख्याध्यापकांच्या कपाटात गेलं तरी चालेल.