मोठ्या गाडीचे टायर घेताना

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या पुतण्याने डाळिंबाच्या दोन बहारांच्या पैशातून एक जुनी, पण ऐटबाज परदेशी बनावटीची मोटार घेतली. गाडी लांबलचक, आत कातडी बैठका, दार लावले की बाहेरचा आवाज बंद. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर गाडी आली तेव्हा वहिनींनी चारही चाकांखाली लिंबे ठेवली, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. चाकांची पूजा झाली, पण चाकांकडे नीट कोणी बघितले नाही.

पंधरा दिवसांनी मंडळी लग्नासाठी पुण्याकडे निघाली. टेंभुर्णीच्या अलीकडे, दुपारी दोनच्या सुमारास, मागचा डावा टायर फुटला. गाडीत थोरले बंधू आप्पा, वहिनी, सूनबाई आणि चार वर्षांची नात होती. पुतण्याने घाबरून एकदम ब्रेक दाबला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरले, गाडीचा वेग आपोआप उतरू दिला आणि हळूहळू कडेला घेतली, म्हणून निभावले. डिकी उघडली तर आत स्टेपनीच नाही!

पंक्चरवाला आला. त्याने टायरच्या बाजूवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि म्हणाला, "दादा, नक्षी नव्यासारखी हाय, पण टायर नऊ वर्षांचा हाय. वरनं काळं पॉलिश मारलंय."

आप्पा तेव्हा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "आरं, बैल घेताना आपण त्याचे खूर बघतो, दात बघतो. गाडी घेताना नुसता रंग बघितलास व्हय?"

आता खेड्यापाड्यांतही अशा मोठ्या गाड्या दिसू लागल्या आहेत. बहुतेक जण त्या जुन्या घेतात आणि टायर बदलायची वेळ लवकरच येते. आमच्या घरी त्यानंतर महिनाभर टायर हाच विषय होता. त्यातून जे शिकलो ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवतो.

फियाटच्या सवयी इथे चालत नाहीत

मोटारीचे आणि सोलापूरचे नाते जुने आहे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. त्याच कंपनीच्या मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाट आणि पुढे पद्मिनी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिल्या. त्या गाड्यांचे टायर उंच बाजूचे, आत ट्यूब असलेले. पंक्चर झाले की पहारीने टायर उघडायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे आणि पुढे जायचे. टायर गोटा होईपर्यंत वापरायचा, मग मिळेल तो घालायचा, ही आपली सवय तेव्हापासूनची.

आजच्या मोठ्या गाडीचे तसे नाही. ती वजनाने भारी, वेगाने तेज, आणि तिचा टायर बुटक्या बाजूचा, बिनट्यूबचा असतो. एवढी मोठी गाडी जमिनीला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी सुमारे हाताच्या पंजाएवढीच. गाडीचा ब्रेक कितीही चांगला असो, शेवटी थांबवतात ती ही चार पंजाएवढी रबरे.

बियाण्याची पिशवी वाचतो, तसा टायर वाचावा

बियाणे घेताना आपण पिशवीवरचा लॉट नंबर आणि मुदत वाचतो. टायरच्या बाजूवरही सगळे लिहिलेले असते. आमच्या गाडीचे माप २२५/५५ आर १७ ९७ डब्ल्यू असे आहे. त्याचा अर्थ असा:

२२५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ५५, म्हणजे सुमारे १२४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १७ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचांत.

९७ हा वजनाचा आकडा आहे, पण तो किलो नव्हे. त्याचा तक्ता असतो. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०, ९७ म्हणजे ७३०. दुकानात ९४ चा टायर थोडा स्वस्त मिळाला तर मोह होतो, पण त्यात चार टायरांमागे २४० किलोची ताकद कमी होते. पाच माणसे, लग्नाचे सामान आणि डिकीत घातलेले धान्याचे पोते हे सगळे त्याच टायरांवर असते.

शेवटचे अक्षर वेगाचे. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०. आपल्याला इतक्या वेगाने कुठे जायचे आहे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, जायचेही नाही. पण वेगाचा आकडा म्हणजे टायर किती ताप सोसतो याचाही अंदाज असतो. गाडीच्या पुस्तकात आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर जे माप दिले असेल, त्यापेक्षा वजनाचे व वेगाचे अक्षर खाली जाऊ देऊ नये. वरचे चालेल.

आणि सगळ्यांत महत्त्वाची, म्हणजे तारीख. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असे असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला. हा आकडा कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतो, म्हणून गाडीखाली वाकून आतली बाजूही बघावी. रबर न वापरताही म्हातारे होते, कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली दिसली तरी काढून टाकावा, असे टायर कंपन्याच सांगतात. काही मोटार कंपन्या तर सहाव्या वर्षीच बदला म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात सहा वर्षे हीच मर्यादा धरावी हे शहाणपणाचे. नवा टायर घेतानाही तारीख बघूनच घ्यावा.

स्टेपनी गेली कुठे?

स्टेपनी हा शब्द आपण मराठीच समजतो. तो मुळात एका रस्त्याच्या नावावरून आला. वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, डेव्हिस बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी जादा चाक करून विकायला सुरुवात केली. पुढे जादा चाकालाच आपण स्टेपनी म्हणू लागलो.

अनेक मोठ्या गाड्यांना आता ती नसते, कारण कंपनी त्यांना 'रनफ्लॅट' जातीचे टायर देते. त्यांच्या बाजू इतक्या जाड व ताठ असतात, की हवा पूर्ण गेली तरी गाडी त्या बाजूंवर उभी राहते आणि साधारण ८० किलोमीटर अंतर, ताशी ८० च्या आत, जाऊ शकते. २०२० साली केंद्र सरकारनेही नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिली नाही.

आमची गाडी अशीच रनफ्लॅटवर निघालेली. आधीच्या मालकाने साधे टायर बसवले, पण स्टेपनीची सोय केली नाही. ना हे, ना ते. जुनी गाडी घेणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी तपासावी.

रनफ्लॅट की साधे?

सोलापूरच्या दुकानात चार टायरांचा आकडा ऐकून वहिनी म्हणाल्या, "एवढ्यात दुभती म्हैस येते." या मापाचे चांगल्या कंपनीचे टायर दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत एकेक जातात, आणि रनफ्लॅट त्यांत वरच्या बाजूला असतात. तेव्हा विचार करूनच ठरवावे.

रनफ्लॅटचा फायदा मोठा आहे. रात्री-अपरात्री, बायकामुलांसह, रस्त्यात उतरावे लागत नाही. ज्यांचे जाणे-येणे मुख्यतः महामार्गाने, सोलापूर-पुणे किंवा सोलापूर-हैदराबाद, त्यांनी तेच पुन्हा घालावेत. पण त्यांची बाजू ताठ असल्याने खड्ड्याचा दणका रिमला आणि आपल्या पाठीला लागतो. तालुक्याच्या गावी ते उघडण्याचे यंत्र असेलच असे नाही. शिवाय हवा नसताना चालवलेला रनफ्लॅट आतून खराब झालेला असू शकतो. तो नुसते पंक्चर काढून पुन्हा वापरण्याजोगा बहुधा राहत नाही.

आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत सहा किलोमीटर कच्चा रस्ता. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी त्याची चाळण होते, आणि दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी. काटा नक्षीत घुसला तर पंक्चर निघते. बाजूत घुसला तर तो टायर गेलाच समजावा, कारण बाजूचे पंक्चर काढून मोटार चालवणे धोक्याचे. म्हणून आम्ही साधे टायर घेतले, चारही एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे. त्याच मापाची स्टेपनी, जॅक आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप डिकीत ठेवला. डिकीची निम्मी जागा गेली, पण जीव निर्धास्त झाला. दोन रनफ्लॅट आणि दोन साधे अशी सरमिसळ मात्र करू नये. उंच-बुटक्या बैलांची जोडी जुंपली की जू वाकडे होते, तसेच गाडीचे होते.

पुतण्याला एकोणीस इंची चकचकीत रिम हवी होती. दुकानदाराने प्रामाणिकपणे हिशेब सांगितला. त्या रिमला २४५/४० चा टायर लागतो आणि त्याची बाजू सुमारे ९८ मिलिमीटर. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यातले इंचभर रबर कमी. पुतण्या मुकाट्याने सतरावरच राहिला.

घेताना आणि घेतल्यावर

टायरवर आयएसआयची खूण बघावी. काही कंपन्यांच्या मान्यतेच्या खुणाही टायरवर असतात. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ. त्या असल्या तर उत्तम. नसल्या तरी माप, वजन आणि वेग जुळत असेल तर अडत नाही. बाजूवर 'टेंपरेचर' असा शब्द असल्यास त्यापुढे ए हे अक्षर असलेला टायर आपल्या उन्हाळ्याला बरा. रिमोल्ड टायर ट्रॉलीला चालतो, या गाडीला नको. परदेशातून आलेले जुने टायर स्वस्तात मिळतात, त्यांचा पूर्वेतिहास कोणालाच माहीत नसतो. पक्के बिल घ्यावे, त्याशिवाय हमीचा उपयोग नाही.

चारही एकदम बदलणे जमत नसेल तर एका आसाचे दोन बदलावेत, आणि पुढे-मागे एकच माप असेल तर नवे दोन मागे घालावेत. पुढे घालावेत असे पुष्कळांना वाटते. पण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी फिरते, आणि ती सावरणे अवघड जाते. चारही चाके ओढणाऱ्या गाडीला मात्र चारही एकदमच घ्यावे लागतात.

टायर बसवताना बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावे. बाजूवर बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे.

हवेबद्दल एक गैरसमज घरोघर आहे. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून कमी भरावी, असे म्हणतात. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते-वाकते, तापते आणि शेवटी फुटते. सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना तर हे लवकर घडते. दाराच्या पट्टीवर जेवढी सांगितली आहे तेवढीच हवा, सकाळी गाडी थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा तपासून भरावी. चालून तापलेल्या टायरमधली हवा सोडू नये.

नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर कायद्यानेही बाद. नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला रबर आले की समजावे. पण मृगाच्या आधी नक्षी तीन मिलिमीटरच्या खाली दिसली तर पावसाची वाट बघू नये.

परवा आषाढीच्या आधी आप्पा आणि वहिनी त्याच गाडीतून पंढरपूरला जाऊन आले. निघताना वहिनींनी नेहमीप्रमाणे चाकाला हळदकुंकू लावले. आप्पा मात्र खाली वाकून चारही टायरांवरून हात फिरवत होते. नातीने विचारले, "आबा, काय बघताय?"

आप्पा म्हणाले, "खूर बघतोय, बाळ."