मगरीच्या रक्तातील पहारेकरी

कृष्णाकाठी औदुंबरला दत्तदर्शनासाठी गेलेल्या पुणेकरांपैकी अनेकांनी नदीच्या काठावर, चिखलाच्या रंगात मिसळून ऊन खात पडलेली मगर पाहिली असेल. चिपळूणला वाशिष्ठीच्या खाडीत हौशी पर्यटकांना होडीतून मगरी दाखवतात. ज्यांना इतके दूर जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी कात्रजचे प्राणिसंग्रहालय आहेच. बडोद्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर मगर ही शेजारीणच म्हणावी लागेल. शहराच्या मधून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत सांडपाणी सोडले जाते आणि त्याच पाण्यात शेकडो मगरी राहतात.

वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर ही कोड्यात टाकणारी गोष्ट आहे. मगरी हद्दीसाठी आणि मादीसाठी एकमेकींशी निकराने झुंजतात. त्या झुंजींत शेपटीचा तुकडा तुटतो, पायाचा पंजा जातो, जबड्याचे हाड उघडे पडते. असा जखमी प्राणी पुन्हा त्याच गढूळ, जंतूंनी भरलेल्या पाण्यात उतरतो, कुजलेले मांस खातो आणि बहुतेक वेळा बरा होतो. याच पाण्यात एखाद्या माणसाचा पाय कापला, तर दोन दिवसांत तो सुजून लाल होईल आणि रुग्ण आमच्या दवाखान्यात येईल.

या कोड्याचा प्रयोगशाळेत पाठपुरावा करणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या मॅकनीज स्टेट विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ मार्क मर्चंट यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्यांचे काम प्रामुख्याने अमेरिकन ॲलिगेटरवर झाले. ॲलिगेटर आणि आपली मगर यांची कुळे वेगळी असली तरी नाते जवळचे आहे. रक्त गोठल्यावर वर जो फिकट पिवळा द्रव उरतो, त्याला सीरम म्हणतात. ॲलिगेटरचे सीरम त्यांनी निरनिराळ्या २३ जीवाणूंवर टाकून पाहिले, तेव्हा त्याने सर्व २३ मारले. माणसाच्या सीरमला त्यांपैकी केवळ ८ मारता आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात हेच सीरम एचआयव्ही, वेस्ट नाईल आणि नागीण-कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूंनाही रोखत असल्याचे दिसले. मात्र तेच सीरम आधी अर्धा तास ५६ अंश सेल्सिअसला तापवले, तर त्याचा विषाणूंवरचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होई.

उष्णतेने प्रभाव जातो ही खूण वैद्यकाच्या विद्यार्थ्याला चटकन ओळखता येते. ही खूण रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांची आहे. आपल्या रक्तातही तीसएक प्रकारची अशी प्रथिने फिरत असतात. त्यांतील बहुतेक यकृतात तयार होतात. त्यांपैकी काही विकरे, म्हणजे एन्झाइम्स असतात. पण ती निजलेल्या अवस्थेत असतात. जंतूचा पृष्ठभाग समोर आला की पहिले विकर जागे होते आणि दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा पाडते. त्या तुकडा पडलेल्या प्रथिनाला धार येते आणि ते तिसऱ्याला कापते. एका रेणूतून शेकडो रेणू जागे होतात आणि शेवटी काही प्रथिने एकत्र येऊन जंतूच्या आवरणाला आरपार भोक पाडतात. भोकातून पाणी आत शिरते आणि जंतू फुटतो. ही सारी क्रिया काही मिनिटांत घडते. ॲलिगेटरमध्ये हीच यंत्रणा आहे, फक्त ती अधिक जंतूंवर चालते.

२००९ मध्ये मर्चंट यांच्या गटाने ॲलिगेटरच्या सीरममधील आणखी दोन विकरांची माहिती प्रसिद्ध केली. पहिले फॉस्फोलायपेज ए-२. ते जीवाणूच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ तोडते. हे विकर आपल्या अश्रूंतही असते. अश्रूंत त्याच्या जोडीला लायसोझाइम नावाचे दुसरे विकर असते. त्याचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली जाहीर केला होता. दुसरे विकर डायपेप्टिडिल पेप्टिडेज-४. नाव जिभेला अवघड असले, तरी ‘डीपीपी-४’ ही त्याची आद्याक्षरे मधुमेही घरांत ऐकलेली असण्याची शक्यता आहे. त्याकडे पुढे येऊच.

आता मगरीला या उपजत विकरांवर एवढी भिस्त का ठेवावी लागते? आपल्याकडे प्रतिकाराच्या दोन फळ्या आहेत. एक जन्मजात, तात्काळ धावणारी. दुसरी शिकणारी, ती जंतूची ओळख पटवून त्याच्या मापाचे प्रतिपिंड घडवते. लस देऊन आपण या दुसऱ्या फळीला शिकवतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत ही दुसरी फळी असते, पण ती संथ असते आणि ऋतुमानावर अवलंबून असते. थंडीत शरीराचे तापमान उतरले की ती आणखी मंदावते. झुंजीत पाय गमावलेल्या मगरीला प्रतिपिंडांची वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

तापमानाचा विषय निघालाच आहे, तर घरोघरच्या एका प्रश्नाला येथे स्पर्श करतो. मगरीला स्वतःचे रक्त तापवता येत नाही. पण १९७०च्या दशकात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातील इग्वाना सरड्यांवर प्रयोग केले. जंतुसंसर्ग झालेले सरडे आपणहून अधिक उबदार जागी जाऊन बसत, आणि ज्यांना ती ऊब मिळू दिली नाही त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त होते. ॲलिगेटरच्या पिलांतही असे वर्तन पुढे नोंदवले गेले. थोडक्यात, ताप ही प्राणिसृष्टीत फार जुनी आणि उपयोगी युक्ती आहे. मुलाला १०० फॅरनहाइट ताप आला, ते खेळते आहे, पाणी पिते आहे, तरी दर चार तासांनी पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आयांना मी हे सरडे सांगतो. काही जणी हसतात, पण बाटली बाजूला ठेवतात. (तीन महिन्यांखालील बाळाचा ताप मात्र असा अंगावर काढू नये; त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.)

मगर कधी आजारी पडत नाही, हा समज खरा नाही. वेस्ट नाईल विषाणूने अमेरिकेतील ॲलिगेटर-पालन केंद्रांत पिले मेल्याची नोंद आहे. ज्या विषाणूला तिचे सीरम परीक्षानळीत रोखते, तोच विषाणू जिवंत शरीरात वरचढ ठरू शकतो! मगरीच्या पिलांना देवीच्या कुळातील विषाणूमुळे कातडीचे रोग होतात. शिवाय रक्त जंतूंना मारते म्हणून तोंड निर्जंतुक असते असेही नाही. ॲलिगेटरच्या तोंडात एरोमोनास हायड्रोफिला हा पाण्यातील जीवाणू सापडतो आणि तो माणसाच्या जखमेत शिरला तर मांस झपाट्याने सडवतो. सांगली जिल्ह्यात धुणे धुताना किंवा जनावरे पाण्यावर नेताना माणसांवर मगरीचे हल्ले झाले आहेत. अशा वेळी स्वच्छ कापडाने दाबून रक्तस्राव थांबवावा, छोट्या जखमा वाहत्या पाण्याने व साबणाने भरपूर धुवाव्यात आणि थेट रुग्णालय गाठावे. हळद, तंबाखू, चुना काही लावू नये. धनुर्वाताची लस आणि प्रतिजैविके लागतात, आणि जखम लगेच घट्ट शिवून टाकण्याची घाई शल्यचिकित्सक सहसा करत नाहीत.

हे सारे लिहिण्याचे निमित्त एका रुग्णाच्या पिशवीत होते. साठीच्या आसपासचे हे गृहस्थ, दहा वर्षांचे मधुमेही. नातेवाईक बँकॉकला फिरून आले होते, त्यांनी भेट म्हणून वाळवलेल्या मगरीच्या रक्ताच्या कॅप्सूलची बाटली आणली. थायलंडमध्ये मगरींचे पालन कायदेशीर आहे आणि अशा कॅप्सूल तेथे उघड विकल्या जातात. “डॉक्टर, ही प्रतिकारशक्ती वाढवते म्हणे,” ते म्हणाले. वाढवते या खात्रीवर त्यांनी सहा आठवडे आपली सिटाग्लिप्टिनची गोळी बंद ठेवली होती. उपाशीपोटीची साखर २४० झाली होती आणि पायाच्या बोटाजवळची एक क्षुल्लक चीर भरत नव्हती.

त्यांना मी जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने सांगतो. विकर हे प्रथिन असते. ते गिळले की जठरातील आम्ल आणि पाचक रस त्याची तीच वाट लावतात जी अंड्याच्या बलकाची किंवा तुरीच्या वरणाची लावतात. त्यातून अमिनो आम्ले मिळतील, लोहही मिळेल, पण पहारेकरी रक्तापर्यंत पोहोचणार नाही. इन्सुलिन टोचावे लागते ते याचसाठी. भारतात मगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तिच्या अवयवांचा व्यापार हा गुन्हा आहे, हेही अशा भेटवस्तू आणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मग रक्तात टोचले तर? हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो रास्त आहे, आणि पुण्याला त्याचे उत्तर चांगले ठाऊक असायला हवे. १९६६ साली येथे स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या नावातच ते आहे. या संस्थेची सुरुवात धनुर्वातावरील प्रतिविषाने झाली आणि ते घोड्याच्या रक्तापासून बनत असे. सर्पदंशावरील लसही आजवर घोड्यांपासूनच तयार होत आली आहे. तेव्हा दुसऱ्या प्राण्याची प्रतिकारशक्ती उसनी घेता येते आणि तिने असंख्य जीव वाचले आहेत. परंतु ती नेमक्या विषाविरुद्ध घडवलेली, शुद्ध केलेली आणि मोजून दिलेली असते. तरीही शरीर परक्या प्रथिनावर उलटू शकते. ताप, पित्त उठणे, सांधे धरणे अशा या ‘सीरम सिकनेस’चे वर्णन पिर्के आणि शिक यांनी १९०५ सालीच केले. ॲलिगेटरच्या सीरमची अडचण तर त्याहून मूलभूत आहे. विषाणूंवरच्या त्याच प्रयोगांत, प्रमाण वाढवले तेव्हा ते प्रयोगातील सस्तन पेशींनाच मारू लागले. ज्याने जंतूच्या आवरणाला भोक पडते, त्याला परक्या प्राण्याची पेशीही परकीच असते. २००८ मध्ये संशोधकांना आशा होती की मधुमेही पायाच्या जखमांसाठी यापासून एखादे मलम दहा वर्षांच्या आत येईल. ते आलेले नाही. त्या रक्तातील लहान प्रथिने वेगळी काढून, त्यांची नक्कल प्रयोगशाळेत बनवण्याचा मार्ग मात्र खुला आहे. थायलंडच्या संशोधकांनी सयामी मगरीच्या पांढऱ्या पेशींतून ‘ल्युक्रोसिन’ नावाचे असे तुकडे काढले आहेत.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या जाहिरातीचे मला खरे वावडे आहे ते यापुढच्या गोष्टीमुळे. आपल्या प्रत्येक पेशीवर कॉम्प्लिमेंटला थोपवणारी प्रथिने बसवलेली असतात. ती नसती तर आपलीच विकरे आपल्याला फोडून काढतील. काही थोड्या रुग्णांत नेमके हेच होते. पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिनुरिया या आजारात तांबड्या पेशींवरील हा लगाम नाहीसा होतो, पेशी फुटतात आणि सकाळची लघवी गडद रंगाची होते. त्यासाठी २००७ मध्ये एक्युलिझुमॅब हे औषध मान्य झाले. ते कॉम्प्लिमेंटची साखळी शेवटच्या टप्प्यात तोडते, म्हणजे प्रतिकारशक्तीचा एक भाग मुद्दाम कमी करते, आणि म्हणूनच ते देण्यापूर्वी मेनिंगोकॉकस या जीवाणूविरुद्धची लस टोचावी लागते.

आता डीपीपी-४ कडे. १९६६ साली हॉप्सू-हावू आणि ग्लेनर यांनी हे विकर शोधले, ते प्रतिकारशक्तीच्या शोधात असताना नव्हे. ते प्रथिनांच्या टोकाचे दोन-दोन अमिनो आम्लांचे तुकडे कापते. माणसात ते आतड्यात, मूत्रपिंडात, रक्तात आणि संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशींच्या पृष्ठभागावरही असते. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते. डीपीपी-४ त्याला एक-दोन मिनिटांतच निकामी करते. या कात्रीला अडवले की संप्रेरक अधिक काळ टिकते आणि साखर उतरते. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्यांचे काम इतकेच. सिटाग्लिप्टिन अमेरिकेत २००६ मध्ये मान्य झाले. भारतात विल्डाग्लिप्टिनचे पेटंट २०१९ अखेरीस आणि सिटाग्लिप्टिनचे जुलै २०२२ मध्ये संपले, तेव्हापासून या गोळ्या मध्यमवर्गीय खिशाला झेपू लागल्या.

म्हणजे आमच्या या गृहस्थांनी मगरीच्या रक्तातील एक विकर अडवणारी गोळी सोडून, तेच विकर असलेल्या रक्ताची भुकटी घेतली होती. हे ऐकून त्यांच्या पत्नींनी विचारलेला प्रश्न मात्र अगदी नेमका होता : “मग ही गोळी घेऊन यांची प्रतिकारशक्ती कमी नाही का होणार?”

ही शंका शास्त्रज्ञांनाही आली होती. टी-पेशींवर हे विकर असल्याने ती रास्तच होती. सिटाग्लिप्टिनच्या ‘टेकॉस’ या चाचणीत १४,६७१ रुग्ण होते आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ती आणि अशा इतर मोठ्या चाचण्या पाहता, गोळी घेणाऱ्यांत गंभीर संसर्ग ठळकपणे वाढल्याचे आढळले नाही. टी-पेशीवरील या रेणूचे संदेशवहनाचे काम त्याच्या कापण्याच्या कामापासून बऱ्याच अंशी वेगळे आहे, हे त्याचे एक कारण मानले जाते. काळजी घ्यायची ती वेगळ्या बाबींची. सॅक्साग्लिप्टिनच्या २०१३च्या चाचणीत हृदय कमकुवत होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण थोडे वाढले होते. म्हणून धाप लागत असेल, पाय सुजत असतील, तर ते डॉक्टरांना सांगावे. पोटात वरच्या बाजूला तीव्र दुखून उलट्या झाल्या, किंवा अंगावर पाण्याचे मोठे फोड आले, तर गोळीचे नाव सांगून लगेच तपासून घ्यावे.

रक्तातील साखर २४० वर राहिली की पांढऱ्या पेशींचे जंतू गिळण्याचे काम मंदावते. या गृहस्थांच्या बोटाची चीर न भरण्यामागे तेच होते. गोळी पुन्हा सुरू केली, पाय रोज पाहायला व अनवाणी न चालायला सांगितले, फ्लूची आणि न्युमोकॉकसची लस घेतलेली नव्हती ती दिली. चीर पाच आठवड्यांनी भरली. कॅप्सूलची बाटली त्यांनी परत मागितली नाही, ती अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.